हात मोजणं बंद करा



आमच्या मंडळीतल्या एका बहिणीने क्षयाच्या गोळ्या बंद केल्या. तीन रात्रींच्या चंगाई सभेत तिला स्टेजवर उभं करून ‘मी बरी झाले’ अशी साक्ष द्यायला लावली. टाळ्या झाल्या, मोबाइलवर चित्रीकरण झालं. आज ती इस्पितळात आहे आणि चित्रीकरण अजून फिरतं आहे. तुम्हालाही चीड आली असेल, ती वेगळी समजावून सांगायला नको. बोलायचं आहे ते या सभांच्या पद्धतीबद्दल. आपण वर्गणी काढून ती पोसतो आणि वर तिला सुवार्ताप्रसार म्हणतो.

पद्धत सगळ्यांना पाठ आहे. फ्लेक्सवर पाहुण्या सेवकाचा चेहरा क्रुसापेक्षा मोठा. खाली यादी: कॅन्सर, शुगर, करणी, कोर्टकचेरी. दीड तास गाणी, थोडा उपदेश, मग दिवे मंद, डोळे मिटा, हात वर करा. कार्यकर्ते हात मोजतात आणि जेवणाआधी आकडा व्हॉट्सॲपवर जातो. सोमवारी त्या माणसांचं नाव, गाव, घर कुणालाच ठाऊक नसतं. पुढच्या मोसमात तेच हात पुन्हा वर होतात आणि आपण ते नवे म्हणून मोजतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे शंभरात एकही भरत नाही. सभांच्या अहवालांतले हात खरे धरले, तर एव्हाना निम्मा मराठवाडा रविवारी उपासनेला बसलेला दिसायला हवा होता.

गालीलातल्या डोंगरावर प्रभूने दिलेली आज्ञा आपण बालपणी शब्बाथ शाळेत घोकली. शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, पाळायला शिकवा. त्यात गर्दी जमवा असं कुठे आहे? त्याने स्वतः सुमारे तीन वर्षं बारा जणांवर घालवली. त्यातल्या एकाने त्याला तीस रुप्याच्या नाण्यांना विकलं, दुसऱ्याने ओळख नाकारली. पाच हजारांना भाकर दिली, पण दुसऱ्या दिवशी शिकवण कठीण वाटताच पुष्कळ जण निघून गेले आणि तो त्यांच्या मागे धावला नाही. आपल्या पंचकमिटीपुढे असा अहवाल आला असता, तर आपण त्याची बदली केली असती!

आपल्याच घरातलं पाहा. नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला तो 10 फेब्रुवारी 1895 ला. मधल्या काळात वाचन, शंका, पत्रव्यवहार, घरातला आकांत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आणखी पाचेक वर्षं लागली. एवढी बुद्धिमान माणसं, त्यांना इतका वेळ लागला, आणि आपण डोळे मिटलेल्या माणसाला एका गाण्याच्या अवधीत पार करतो.

आता आक्षेप. ‘प्रभूनेही रोगी बरे केले ना?’ केले. कुष्ठरोग्याला बरं केल्यावर त्याने काय सांगितलं, ते मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे. कुणाला सांगू नकोस, जाऊन याजकाला दाखव. नियमशास्त्राप्रमाणे शरीर तपासून शुद्ध ठरवण्याचं काम याजकाचं होतं. म्हणजे तपासणी आधी, आणि बोभाटा तर नकोच. आपण नेमकं उलट करतो. माइक आधी, थुंकीची तपासणी कधीच नाही.

‘तुमचा विश्वास कमी आहे.’ असेल. पौलाचा किती होता? त्याने आजारी त्रफिमाला मिलेतात मागे ठेवलं, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता. पौलावर अविश्वासाचा ठपका ठेवायचा असेल, तर आधी त्याची पत्रं बायबलमधून काढा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो: ‘बाहेरच्यांच्या हाती कोलीत देऊ नका.’ बंधूंनो, ते कोलीत आपण स्वतः फ्लेक्सवर छापून चौकात टांगलं आहे. कॅन्सर, मधुमेह, क्षय जादूने बरे करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या कायद्यात बंदी आहे; 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही सर्वांना सारखाच लागू आहे. बाबा-बुवांवर आपण हसायचं आणि आपल्या मंडपात तेच करायचं, हे कुठल्या तोंडाने?

आणि ही आपली परंपराही नव्हे. मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत इस्पितळ उघडलं. पुढे जवळच क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं, ती वानलेसवाडी. त्यांनीही रोग्यांसाठी प्रार्थना केली, पण औषधाची बाटली हातातून काढून घेऊन नव्हे. रोगी महिनोन्‌महिने तिथे राहत. सुवार्ता सांगायची तर तेवढा अवकाश लागतो.

प्रार्थना करू नका, असं हे पत्रक म्हणत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसा, हात धरून प्रार्थना करा आणि गोळी घेतली का तेही विचारा. क्षयाचा साधा कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.

येत्या पंचकमिटीत सभेच्या वर्गणीचा ठराव आला, तर विरोधात मत द्या आणि ते इतिवृत्तात नोंदवायला लावा. कुणी मागच्या सभेचा आकडा सांगितला, तर त्यातली पाच नावं विचारा.