पाण्याचा माग

लातूरची माणसं कुठंही गेली तरी आधी पाण्याची चौकशी करतात. नळाला किती दिवसांनी येतं, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, टँकर चालू झाले का. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं आमच्या शहरात पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर. पुढं पन्नास वॅगनांची गाडी सुरू झाली, तेव्हा एका खेपेला सुमारे पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. आमच्या गल्लीत घागरींच्या रांगा रात्रीसुद्धा मोडत नव्हत्या. त्या उन्हाळ्यानंतर मला कोणतंही शहर पाण्यावाचून दिसतच नाही.

म्हणून या मे महिन्यात परळच्या मैत्रिणीचा फोन आला, “शाळेला सुट्टी आहे, आठवडाभर ये, तुला मुंबई फिरवते,” तेव्हा मी तिला म्हटलं, “गेटवे आणि चौपाटी बघून झालीय गं. तुझ्या नळाला पाणी कुठून येतं ते दाखव.” ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. जन्म, बालपण, सगळं गिरणगावात गेलेलं. थोडा विचार करून म्हणाली, “ये. मलाही ते नीट बघायचंच आहे.”

मुंबईच्या मे महिन्यात दुपारी हिंडणं म्हणजे अंगाची चिकचिक. आमच्याकडची झळ कोरडी असते, सावलीत गेलं की उतरते. इथं सावलीतही घाम थांबत नाही. आम्ही सकाळी लवकर निघायचो, दुपारी कुठंतरी टेकायचो, ऊन कललं की पुन्हा बाहेर. दादरला पियूष, स्टेशनावर नीरा, रस्त्याकडेला ताडगोळे. हा सगळा खाऊ उन्हाळ्यानंच शहराला दिलाय.

सुरुवात बाणगंगेपासून केली. वाळकेश्वरच्या उंच इमारतींच्या मागं रस्ता खाली उतरतो आणि एकदम दगडी पायऱ्यांचा प्रशस्त तलाव समोर येतो. भोवती देवळं, दीपमाळा, कवळे मठ, काशी मठ, धुणं वाळत घातलेल्या गॅलऱ्या, पाण्यात बदकं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे, तरी तळ्याला पाणी पुरवणारा झरा गोडा आहे. शिलाहारांच्या काळात, ११२७ मध्ये, लक्ष्मण प्रभू नावाच्या मंत्र्यानं हा तलाव बांधला असं सांगतात. १७१५ मध्ये रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्यानं त्याचा जीर्णोद्धार केला. पायऱ्यांवर बसून मी पाण्याच्या पातळीकडंच बघत राहिले. मे महिना अर्धा सरलेला आणि तळं भरलेलं. मराठवाड्यातल्या माणसाला यापेक्षा मोठं देवदर्शन असू शकत नाही.

चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहराम विहीर आहे. १७२५ मध्ये एका पारशी गृहस्थानं ती खोदली आणि खाऱ्या समुद्राजवळ गोडं पाणी लागलं. आत पारशी बांधवांनाच प्रवेश आहे, म्हणून आम्ही बाहेरूनच रंगीत काचांची ती मेघडंबरी पाहिली. तीनशे वर्षं जुनी विहीर लोकलच्या एवढ्या गर्दीजवळ जपली गेली आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं. कारण बाकीच्या विहिरी आणि तळी गेली. बसमध्ये बसून मैत्रीण एकेक नाव सांगत होती आणि मी वहीत लिहून घेत होते: धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी, बाबुला टँक, खारा तलाव. १९४२ मध्ये ज्या गोवालिया टँक मैदानावरून ‘चले जाव’ची हाक दिली गेली, तिथं त्याआधी गवळ्यांची गुरं पाण्यावर यायची. बसमधल्या कुणालाही थांबा नेमका कुठं येतो ते ठाऊक होतं, पण तळं कोणीच पाहिलेलं नव्हतं.

ही तळी का बुजवली, तेही समजून घेण्यासारखं आहे. १८५४ साली पाऊस ओढला आणि बेटावरच्या विहिरी-तळ्यांवर शहराचं भागेना. त्यानंतर हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणं विहारला धरण बांधलं गेलं आणि १८६० मध्ये मुंबईला पहिल्यांदा नळानं पाणी मिळालं. पुढं १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. नळ आले तशी तळी बिनकामाची आणि घाण होत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहर हिवतापानं हैराण होतं. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात बोट ठेवलं ते घरोघरच्या उघड्या विहिरींवर, कारण हिवतापाचा डास तिथंच वाढत होता. मग विहिरी झाकायची, बुजवायची मोहीम निघाली. लोक मरत होते, त्यामुळं तेव्हाच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. पण त्या दिवसापासून मुंबईनं स्वतःच्या जमिनीतल्या पाण्याकडं पाठ फिरवली आणि ती पूर्णपणे लांबच्या डोंगरांवर विसंबली.

नळ आले तरी तहानलेला वाटसरू रस्त्यावरच असतो. त्याच्यासाठी शेठसावकारांनी प्याऊ बांधल्या. आमच्याकडं उन्हाळ्यात पाणपोई असते, चार बांबू, वर पालापाचोळा, खाली ओल्या गोणपाटात गुंडाळलेले रांजण. मुंबईच्या प्याऊ पक्क्या दगडाच्या आहेत. मशीद बंदरच्या भातबाजारात केशवजी नाईक यांची १८७६ ची प्याऊ आहे, देवळासारख्या घुमटीची, अलीकडं जीर्णोद्धार झालेली. तिच्या सावलीला माथाडी कामगार बसले होते. त्यांतले एक काका साताऱ्याकडचे निघाले. मी लातूरची म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, “यंदा मांजरा कसं हाय?” पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्याच्या धरणाची काळजी असते, हे मी त्या दुपारी पाहिलं.

फोर्टमधलं मुळजी जेठा कारंजं त्याहून दिमाखदार. सीएसएमटीची इमारत उभारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचाच त्याच्या आराखड्यात हात होता. अगदी वर पुस्तक वाचत बसलेल्या मुलाचा पुतळा आहे. रतनसी मुळजी या व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा लहान वयात गेला, त्याची ही आठवण. पोर गेलेल्या बापानं अनोळखी लोकांच्या तहानेची सोय केली. मैत्रीण शिक्षिका, तिचा हात नकळत छातीशी गेला. आम्ही दोघी बराच वेळ त्या मुलाकडं मान वर करून बघत होतो. जुन्या प्याऊंमध्ये माणसांसाठी वर तोट्या आणि बैल-घोड्यांसाठी खाली हौद असायचे, म्हणजे बांधणाऱ्याच्या मनात जनावराची तहानही होती. आज यांतल्या कितीतरी कोरड्या आहेत आणि वाटसरू बाटली विकत घेतो. ज्याच्याकडं तेवढे पैसे नाहीत, त्यानं काय करायचं? दान म्हणून बांधलेल्या या प्रत्येक प्याऊला महापालिकेनं पुन्हा नळ जोडावा, असं मला कळकळीनं वाटतं.

दानाबरोबर हक्काचीही गोष्ट आहे आणि तीही याच शहरात सापडते. दादरला पोर्तुगीज चर्चपासून सिद्धिविनायकाकडं जाणाऱ्या रस्त्याला सी. के. बोले यांचं नाव आहे. मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये त्यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुल्या कराव्यात. ठराव मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनंही तो उचलून धरला, पण चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावाच लागला. त्या सत्याग्रहाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते, मैत्रिणीच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. सिद्धिविनायकाला रांगा लावणाऱ्या हजारो लोकांनी त्या रस्त्याची पाटी एकदा थांबून वाचावी.

बीआयटी चाळीच्या आवारात मैत्रीण तिच्या लहानपणाबद्दल बोलली. त्यांच्या चाळीत पहाटे पाणी यायचं. कोणीतरी “पाणी आलं!” असं ओरडायचं आणि सगळी चाळ उठायची. मोरीतलं पिंप, कळश्या, बुधले, टोप, जे हाताशी येईल ते भरायचं. तिची आई गिरणीच्या पाळीला जाण्याआधी पाणी भरून जायची. पाठीचं दुखणं आईला शेवटपर्यंत सुटलं नाही. “मी शाळेत पाठ शिकवताना सात तलावांची नावं मुलांकडून पाठ करून घेते,” ती म्हणाली, “पण हे पाणी घरात कोण भरतं, ते पुस्तकात नसतं.”

ते सात तलाव म्हणजे विहार, तुळशी, तानसा, मोडक सागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि मध्य वैतरणा. शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी त्यांतून मिळतं. माझं मन लगेच जलदूतकडं धावलं. पन्नास वॅगनांच्या गाडीचा हिशोब धरला तर दीड हजारांहून जास्त गाड्या, रोज! तानसा-वैतरणेचं पाणी शंभरेक किलोमीटरचा प्रवास बहुतांशी उतारानंच करतं, ही त्या अभियंत्यांची कमाल. मलबार हिलवर ज्या हँगिंग गार्डनमध्ये सहली येतात, त्या बागेच्या खालीही ब्रिटिशकालीन जलाशय आहे. एवढं पाणी येऊनही ते सगळ्यांना सारखं मिळत नाही. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावं लागलं, की अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यालाही पाण्याचा अधिकार आहे, कारण जगण्याच्या अधिकारातच तो येतो. मैत्रिणीच्या वर्गातली काही मुलं अजूनही शाळेत येण्याआधी कॅन घेऊन पाण्याला जातात.

कान्हेरीला आम्ही गेलो तेव्हा बोरिवली स्टेशनाबाहेर आदिवासी बायका पळसाच्या पानांत करवंदं घेऊन बसल्या होत्या. करवंदं खात लेण्यांच्या पायऱ्या चढलो. शंभरावर लेणी आहेत आणि लेण्यालेण्यापाशी कातळात कोरलेली पाण्याची टाकी. पावसाचं पाणी कातळावरून पन्हाळींनी उतरवून या टाक्यांत घ्यायचं, ही रचना दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंच्या वस्तीसाठी केलेली. शिलालेखांत टाक्यांसाठी दान देणाऱ्यांची नोंद आहे. कल्याण, सोपारा, नाशिक इथल्या लोकांनी या डोंगराला दानं दिली. काही टाक्यांत मे महिन्यातही पाणी होतं. डोंगरावर पडलेला पाऊस डोंगरावरच साठवायचा, एवढं साधं त्यांना जमलं होतं. आपल्या नव्या गृहसंकुलांत पावसाच्या पाण्याची टाकी कागदावर दाखवली जाते आणि प्रत्यक्षात तिचं पुढं काय होतं, हे तिथं राहणाऱ्यांनी जाऊन बघायला हवं.

पाण्याचा माग शहरात संपत नव्हता, म्हणून शेवटी कसारा लोकल पकडून आसनगावला उतरलो आणि शहापूर तालुक्यात गेलो. तानसा इथं, भातसा इथं. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतात. एका पाड्यावर आम्ही पोचलो तेव्हा टँकरनं नुकतंच कोरड्या विहिरीत पाणी सोडलं होतं. गढूळ पाणी तळाशी गोळा व्हायच्या आत पोहरे पडत होते. एक म्हातारी आजी डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढत होती. मी पुढं होऊन एक हंडा घ्यायला गेले, तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे बाय, तुला नाय जमायचं.” खरंच, रिकामा हंडा उचलतानाच मला त्या ओझ्याचा अंदाज आला. धरणासाठी जमीन गेलेली माणसं याच डोंगरात आहेत. पाणी त्यांच्या दारावरून मोठ्या नळांतून शहराकडं जातं.

मला इथं लातूर आठवलं. आमच्यासाठी मिरजेनं पाणी दिलं. साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वे धावली, अधिकारी रात्रंदिवस राबले, देशभर बातम्या आल्या. शहापूरच्या पाड्याला पाणी पोचवायला रेल्वे लागत नाही, धरण तर समोरच आहे. शहर तहानलं की सगळे धावतात आणि पाडा तहानला की टँकरची फाइल फिरते, हा अन्याय आहे. त्याला दुसरं नाव नाही. धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क धरणाच्या काठावरच्या गावाचा असला पाहिजे आणि त्या गावांच्या नळयोजनांचा खर्च मुंबईनं पाणीपट्टीतून उचलावा.

परतीच्या लोकलमध्ये मैत्रिणीनं मोबाईलवर त्या दिवशीचा तलावांचा साठा उघडला. मे महिना लागला की मुंबईची वर्तमानपत्रं रोज हा तक्ता छापतात: सात तलाव, किती टक्के साठा, गेल्या वर्षी किती. त्या तक्त्याखाली आणखी एक ओळ हवी, असं आम्हा दोघींना वाटलं: शहापूर तालुक्यात आज किती पाड्यांना टँकरनं पाणी गेलं. मैत्रिणीनं पंचायत समितीकडं ही यादी मागण्याचा अर्ज केलाय. तिच्या हाती आकडा आला की तो मला कळणार आहे, आणि पाऊस सुरू होईपर्यंत दर आठवड्याला तो या सदराच्या खाली छापावा, अशी विनंती मी संपादकांना केली आहे.