शस्त्रक्रियेनंतरचा खांदा

स्तनाच्या कर्करोगाविषयीं आपल्या घरांतून अजून कुजबुजूनच बोललें जातें. ‘तिचें मोठें ऑपरेशन झालें’ एवढें सांगून वडीलधारीं माणसें विषय आटोपतात. रोगाचें निदान व औषधें हा डॉक्टरांचा प्रांत. त्यांत आम्ही शिरत नाहीं. परंतु बाई रुग्णालयांतून घरीं आल्यावर तिच्या त्या बाजूच्या खांद्याचें काय होतें, हें पाहण्याचें काम घरचेंच आहे, आणि तेंच बहुधा राहून जातें.

मुलुंडास आमच्या परिचयाच्या एका घरीं सूनबाईंची अशी शस्त्रक्रिया झाली. घर सुशिक्षित, सासूबाई मायाळू. त्यांनीं सुनेस त्या हातानें काडी उचलूं दिली नाहीं. वेणी जाऊबाईंनीं घालावी, पाण्याचा तांब्या मुलीनें द्यावा, असें दीड महिना चाललें. सूनबाई हात छातीशीं धरून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन बसत. पुढें किरणोपचार ठरला, तेव्हां कळलें कीं यंत्राखालीं हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहावें लागतें. त्यांचा हात तर खांद्याच्या वर जाईना! हात मोकळा करण्यांत तीन आठवडे गेले आणि उपचार तेवढा लांबला.

असें कां होतें? जखम भरतांना आंत जो व्रण बनतो तो आखडतो व खांद्यास पुढें ओढतो. कित्येकींच्या काखेंत ताणलेल्या दोरीसारखें कांहीं हातास लागतें, कधीं तें कोपरापर्यंतही जातें. बहुधा तें कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत सैलावतें, पण भीतीनें हात अधिकच मिटला जातो. त्यांत परळची ये-जा. परळचें टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. मुलुंड-घाटकोपरच्या बायका मध्य रेल्वेनें आणि बोरिवली-अंधेरीच्या पश्चिम रेल्वेनें तेथें जात आल्या आहेत. लोकलच्या गर्दींत कोणाचा कोपर लागेल म्हणून हात छातीशीं धरणें शहाणपणाचेंच. पण घरीं पोहोंचल्यावरही तो तसाच राहतो. मग मान दुखते, पाठीस बाक येतो, श्वास उथळ होतो.

सुश्रुतानें ‘अंस’ नांवाचें खांद्याजवळील मर्म सांगितलें असून तेथें इजा झाल्यास बाहु ताठरतो असें म्हटलें आहे. एवढ्यावरून आजची सर्व शस्त्रक्रिया आपल्या ग्रंथांत होती असें कोणीं समजूं नये. त्या अनुमानाचा आम्हांस कंटाळा आहे. अमेरिकेंतील डॉ. हॉल्स्टेड यांनीं १८८२ पासून जी पद्धत रूढ केली तींत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढून टाकीत. आतां ते बहुतेक राखले जातात, म्हणून हात पूर्ववत् होण्याची आशा पुष्कळ आहे.

पण त्यासाठीं हात हलविला पाहिजे. जखमेंतील पाणी काढणारी नळी असेपर्यंत कोपर खांद्याच्या वर नेऊं नये असें सामान्यतः सांगतात. मात्र बोटें उघडणें-मिटणें, कोपर वांकविणें, खांदे मागें फिरविणें, सावकाश दीर्घ श्वास घेणें, हें बहुधा दुसऱ्याच दिवसापासून चालतें. नळी निघाल्यावर भिंतीकडे तोंड करून उभें राहावें व बोटें मुंगीच्या पावलानें वर चढवावींत. ताण लागावा, कळ येऊं नये. जेथें हात पोहोंचला तेथें पेन्सिलीनें रेघ मारावी. उद्यां ती ओलांडली कीं नाहीं हें पाहण्यास घरांतील मुलें आनंदानें तयार असतात. स्वतःची वेणी, फळीवरचा डबा, वलणीवरचे हलके कपडे, हीं कामें तिची तिला हळूहळू परत द्यावींत. किरणोपचारानंतरही आंतील भाग महिनोन्‌महिने आखडत राहतो, म्हणून व्यायाम तेथेंच सोडूं नये.

ज्यांचा स्तन पुन्हां घडविला असेल त्यांचे नियम वेगळे. पोटाचा भाग घेतला असल्यास आरंभीं थोडें वांकूनच चालावें लागतें. मग दिवसागणिक सरळ व्हावयाचें. पाठीचा स्नायू घेतला असेल किंवा कृत्रिम पिशवी बसविली असेल, तर हात केव्हां व किती उचलावा हें शस्त्रवैद्यांनाच विचारावें, शेजारणीला नव्हे.

मुख्य अडचण पुढेंच आहे. उपनगरांतील दोन खोल्यांच्या घरांत ही बाई व्यायाम कोठें करणार? हात वर केला कीं पदर ढळतो आणि बाहेर सासरे वर्तमानपत्र वाचीत असतात. ती ‘मग करीन’ म्हणते व तें ‘मग’ येत नाहीं. तेव्हां दिवसांतून तीनदां, पंधरा पंधरा मिनिटें, आंतली खोली तिची असावी. दाराला कडी असावी. कोणीं ‘काय चाललें आहे?’ म्हणून हांक मारूं नये. आरसा झांकून ठेवूं नये. खांदे समान आहेत कीं नाहींत हें तिला आरशांतच दिसावयाचें आहे. पतीनें त्या वेळीं जवळ असावें कीं नसावें, हें तिला विचारावें.

या हातानें जन्मभर ओझें उचलूं नये असें पूर्वीं सांगत. हळूहळू व देखरेखीखालीं वजन वाढविल्यानें सूज वाढत नाहीं, असें २००९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. तरी स्वयंपाकघरांत भाजणें-चिरणें सांभाळावें. अंगठी किंवा बांगडी घट्ट होऊं लागली तर लेप लावीत न बसतां दाखवावें. हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.