गाळ निघाला, पाण्याचे काय?

जुनी नहर दुरुस्त करणे म्हणजे तिच्यातला गाळ काढणे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी दूरचे उदाहरण नको. बिदरजवळच्या नौबादचे पुरेसे आहे.

बहमनी राजवटीत, पंधराव्या शतकात, तेथे जमिनीखालून नहर खोदली गेली. फार्सीत तिला 'कारेझ' म्हणतात. या अंकाच्या कन्नड विभागातील आपले मित्र तिला 'सुरंग बावी' म्हणून ओळखतात. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या काळ्या कातळावर अडते. हे अडलेले पाणी नेमके हेरून, भुयाराला अगदी बेताचा उतार देऊन, मोट किंवा रहाट न लावता ते वस्तीपर्यंत आणले गेले. उतार जास्त झाला तर तळ खरवडला जातो, कमी झाला तर गाळ साचतो. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी आहेत. त्यांतून हवा, उजेड आणि कामगार आत जातात. औरंगाबादची मलिक अंबरची नहर आणि बऱ्हाणपूरचा कुंडी भांडारा ही याच विद्येची भावंडे होत.

अशा नहरीची दुरुस्ती सोपी नाही. बुजलेल्या विहिरी शोधायच्या, लेव्हल यंत्राने उतार मोजायचा, खालच्या तोंडापासून वर सरकत गाळ काढायचा, कारण तोंड मोकळे झाल्याशिवाय आतले पाणी वाट धरत नाही. माणूस आत उतरण्याआधी हवा तपासायची. ढासळलेली बाजू बांधताना सिमेंटचा सरसकट गिलावा करून भागत नाही. ज्या भिंतीतून पाणी पाझरते तीच बंद केली, तर नहर नुसती कोरडी गल्ली होईल.

नौबादला गेल्या दशकात गाळ उपसण्याचे काम झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण खरा प्रश्न पुढेच आहे. नहर जमिनीतले वरच्या थरातलेच पाणी घेते. कूपनलिका शेकडो फूट खाली जाऊन पाणी ओढते आणि पातळी नहरीच्या तळाखाली नेते. मग भुयार कितीही स्वच्छ असो, त्यात येणार काय? ज्या माळावर पाऊस मुरतो तेथे घरे आणि फरशा आल्या, विहिरींच्या तोंडांत केरकचरा पडू लागला, की काढलेला गाळ पुन्हा साचायला वेळ लागत नाही.

काही जण म्हणतील, नळयोजना असताना या जुन्या भुयाराचा खटाटोप कशाला? त्यांना मी २०१६ सालची आठवण देतो. त्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एक नहर सबंध शहराची तहान भागवील असे मी म्हणत नाही. पण ती एक मोजपट्टी आहे. जमिनीत जेवढे मुरले तेवढेच ती देते; ती आटली की समजावे, आपला उपसा भरतीपेक्षा वाढला. कूपनलिका असा इशारा वेळेवर देत नाही, एकदम कोरडी पडते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की दुरुस्तीचा पहिला पैसा मुरवणीच्या क्षेत्रावर खर्च व्हावा. ते क्षेत्र नकाशावर आखावे, तेथे नव्या कूपनलिकांना आणि बांधकामाला आवर घालावा, आणि मग गाळाला हात लावावा. हे काम एकट्या इंजिनियरचे नाही. त्यात भूगोल, भूशास्त्र, इतिहास आणि गावकऱ्यांशी बोलण्याइतके मराठी-कन्नड-उर्दूही लागते. आपल्या बसवकल्याणातही त्रिपुरांत तलाव आहे, जुन्या विहिरी आहेत. त्यांत पाणी कोठून येते आणि कोणत्या महिन्यात किती उतरते, याची नोंद आपल्या वर्गांनी वर्षभर ठेवली, तर आलेला पैसा कोठे घालावा हे सांगण्याचा अधिकार आपल्याला येईल. दोरी, टेप आणि एक वही, एवढ्यावर सुरुवात होते.