फवारा शेजाऱ्याला विचारता, दारूचे का विचारत नाही?



कपाशीवर बोंडअळी दिसली की आपण कृषी अधिकाऱ्याची वाट पाहत बसत नाही. धुऱ्यावर उभे राहून शेजाऱ्याला हाक मारतो, ‘गेल्या साली तुझ्याकडे आली होती ना? काय मारलं होतंस?’ ज्याचे रान अळीने खाल्ले, त्याच्याच शब्दावर आपला भरवसा. दारूच्या बाबतीत मात्र सगळे उलटे. जो त्या खड्ड्यातून वर आला त्याला कोणी विचारत नाही, आणि ज्याने कधी थेंब चाखला नाही तो माईकवरून उपदेश करतो.

शेतकऱ्याच्या दारूवर दोनच भाषणे ऐकू येतात. पहिले सरकारी थाटाचे : शेतकरी पितो म्हणून कर्जात बुडतो. हे धादांत खोटे आहे. ज्याने जन्मात बाटलीला हात लावला नाही त्याच्याही सातबाऱ्यावर बोजा आहे. कारण पिकाला उत्पादनखर्चाइतकाही भाव मिळत नाही. दुसरे भाषण आपल्या बाजूचे : भाव मिळाला की दारू आपोआप सुटेल. हेही खरे नाही. ज्याचे शरीर दारूला बांधले गेले, त्याचा चुकारा वाढला की पव्वेही वाढतात. भावाचा लढा लढायचाच. पण हा आजार त्या लढ्याच्या निकालासाठी थांबत नाही.

आणि कायदा? वर्ध्यात १९७०च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ला आली, २०२१ला उठली. दुकान बंद करायला निघालेल्या मायबहिणींचा राग सोळा आणे खरा. पण दुकानाला कुलूप लागले म्हणून घशाची ओढ थांबत नाही. पिणारा जिल्ह्याची वेस ओलांडतो, नाही तर भट्टी गाठतो.

मग इलाज काय? १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रन शहरात बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलात उभा होता. पाचेक महिन्यांपूर्वी दारू सोडलेली, धंद्यात नुकतीच आपटी खाल्लेली आणि समोर बार. तो आत गेला नाही. त्याने फोन फिरवून आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधला. तो निघाला डॉक्टर, बॉब स्मिथ. दोघे बोलत बसले आणि पुढे दोघेही सुटले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., उभी राहिली. १९५७ला ती मुंबईत पोचली.

मीटिंगमध्ये चालते काय? तास-दीड तास बसायचे. एकेक जण आपले पिणे आणि आपले सुटणे सांगतो. नव्याने नुसते ऐकले तरी चालते. फी नाही, अर्ज नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. आपण म्हणतो भीक नको. हे लोकही बाहेरच्याची देणगी घेत नाहीत, खर्च आपल्याच खिशातून करतात. देवाचा उल्लेख येतो, पण ज्याला जसा उमजेल तसा. न मानणाराही बसतो. ‘बंद’ मीटिंग फक्त पिणाऱ्यांची असते, ‘खुल्या’ मीटिंगला कोणीही जाऊ शकतो. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळे. आणि ही नुसती भाबडी समजूत नाही. २०२०मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले गेले. ए.ए.कडे नेणारे नीट आखलेले उपचार दारू पूर्ण सोडवण्यात इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

‘लोक काय म्हणतील?’ वा रे लाज! देशीच्या दुकानात भर बाजारातून जाताना ती कुठे असते? तिथे नाव गाव सगळ्यांना ठाऊक. इथे तर नाव झाकून ठेवतात.

खरी अडचण वेगळी आहे. मीटिंग बहुधा शहरात, संध्याकाळी. आणि तोवर गावाकडची शेवटची एस.टी. निघून जाते. म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या मागण्या आहेत :

एक. प्रत्येक तालुक्याने जवळच्या मीटिंगचा वार, वेळ, जागा शोधून फळ्यावर लिहावी. जिल्हा रुग्णालयात विचारावे, १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी क्रमांकावर विचारावे. मोबाइलवरही मीटिंगा भरतात.

दोन. जाणाऱ्याला मोटारसायकलवर नेऊन आणणारा एक माणूस गावाने द्यावा. एकाच मीटिंगवरून निकाल लावू नये. सात-आठ वेळा जाऊन पाहावे.

तीन. दोन-तीन पिणारे सोडण्यासाठी एकत्र बसले की ए.ए.चा गट होऊ शकतो. बाजाराच्या दिवशी भरदुपारी भरेल अशी खोली तालुक्याला मिळवून द्यावी. भाडे त्यांना झेपेल तेवढे घ्यावे. मात्र तिथे आपला झेंडा लावायचा नाही. ए.ए. कोणत्याही पक्षाची, चळवळीची बाजू घेत नाही. बिल्ला खिशात ठेवूनच आत जायचे.

एक सावधगिरी. जो रोज भरपूर पितो त्याने घरच्या घरी एकदम सोडू नये. हातपाय कापणे, फिट येणे, भास होणे यातून जीवही जातो. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

व्यासपीठावरून हात वर करून घेतलेली शपथ पोळ्यापर्यंतही टिकत नाही. मीटिंगमधला माणूस जन्माची शपथ घेत नाही. आजचा दिवस पहिला घोट टाळतो, उद्या पुन्हा तेच. डवरणीही आपण अशीच करतो, एकेक तास धरून. मोर्चात रस्ता अडवायला आपण पन्नास कोस जातो. आपल्याच माणसासाठी तालुक्यापर्यंत जायला काय हरकत आहे?