आघाडीची लाज कोणाला?

जळगाव-धुळ्याच्या शालेय कबड्डी स्पर्धांत एखाद्या संघाने तीस-पस्तीस गुणांची आघाडी घेतली की, कडेला उभ्या पालकांतून एक सूर उमटतो : ‘‘आता पुरे! समोरचीही लेकरेच आहेत.’’ हा सूर भूतदयेचा भासतो; वस्तुतः तो हरणाऱ्या मुलांचाच अवमान आहे.

या दयावाद्यांनी डिसेंबर 1948 आठवावा. जळगाव-धुळे ज्याच्या कक्षेत येतात, त्या महाराष्ट्र क्रिकेट संघाची पुण्यात रणजी करंडकासाठी काठियावाडशी गाठ पडली होती. काठियावाड 238 धावांत गारद झाला. महाराष्ट्राने 4 बाद 826 धावा उभारल्या. भाऊसाहेब निंबाळकर 443 धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा 452 धावांचा विश्वविक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. नामुष्की नको म्हणून! ती टळली काय? निंबाळकर एकही कसोटी न खेळता 2012 मध्ये निवर्तले. त्यांची खेळी रणजीत आजही सर्वोच्च आहे. काठियावाडचे नाव मात्र निघते ते मैदान सोडल्याबद्दल.

आपल्या मातीतील खेळांनी हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. कबड्डीत लोण चढला की दोन गुण जादा मिळतात, तेथे गय नाही. पण त्याच क्षणी बाद झालेले सातही गडी पुन्हा मैदानात उभे राहतात. पराभूताला अशी संधी नियमच देतो, विजेत्याच्या उपकाराची त्याला गरज नाही. आघाडीवरच्या संघाने रिकाम्या चढाया करून वेळ काढू नये, म्हणून लागोपाठ दोन निष्फळ चढायांनंतरच्या तिसऱ्या चढाईत गुण मिळविला नाही तर चढाईपटूच बाद ठरतो. कुस्तीत पाठ लागेपर्यंत पूर्ण जोर, पाठ लागताच हात मोकळा. (चीत झालेल्यापुढे शड्डू ठोकणारा मल्ल निंद्यच, पण तो दोष उन्मादाचा, जोराचा नव्हे.)

जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या शालेय क्रिकेट सामन्यात एका बाजूला 1465 धावा आणि दुसऱ्या बाजूला 31 व 52 असे चित्र दिसले. तेथे फलंदाजाने बॅट आवरायला हवी होती काय? मुळीच नाही. इतक्या विषम जोड्या मैदानात उतरतातच कशा, हा प्रश्न मोठ्यांना विचारावयाचा. खान्देशातील संयोजकांनीही वय व वजन नीट तपासून गटवारी करावी. सराव असलेला संघ आणि काल उभा केलेला संघ पहिल्याच फेरीत समोरासमोर आणू नयेत. एवढे केल्यावर शिट्टी वाजेपर्यंत कोणत्याही मुलाला हात आखडता घ्यायला सांगण्याचा अधिकार कडेच्या पालकांना नाही.