राजमुद्रा आणि क्षमापत्र

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर साजरा झाला, आणि नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या स्कंधचिन्हांवर शिवछत्रपतींचा वारसा झळकेल, असे त्या समारंभात जाहीर झाले. आम्हांसही अभिमान वाटला. परंतु ज्यांचे चिन्ह खांद्यावर मिरवावयाचे, त्यांनीच चिपळूणजवळील छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांस, रयतेच्या दाण्याला अथवा भाजीला हात लावाल तर मोगलांहून वाईट ठराल, अशी ताकीद दिली होती. आमच्या सुशिक्षित मंडळींस मात्र याच्या उलट वाटते. जो देशासाठी मरावयास सिद्ध आहे, त्याच्या एखाद्या अपराधाकडे सरकारने कानाडोळा करावा, असे ते उघड बोलतात.

या युक्तिवादाची परीक्षा मुंबईत पूर्वीच होऊन गेली आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी कमांडर नानावटी यांनी जहाजावरून पिस्तूल घेऊन प्रेम आहुजा यांस ठार केले. नऊ ज्यूरींपैकी आठांनी त्यांस निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी, सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा स्थगित करून आरोपीस 'कुंजाली' येथील नौदलाच्या कोठडीत ठेवण्याचा हुकूम काढला. शेरीफाकडे गेलेले वॉरंट न बजावता परत आले!

कोणी म्हणतील, लोकमत नानावटींच्या बाजूचे होते. होतेच, 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने ते पेटविलेही होते. पण मेलेल्या माणसास लोकमत कोठून असणार? शिवाय क्षमा ही अपराध्यास करावयाची असते. जो न्यायालयापुढे 'मी निर्दोष आहे' म्हणून झगडत आहे, त्याच्या शिक्षेला त्याच वेळी सरकारने अटकाव करणे ही दया नव्हे, सवलत होय; आणि ती सवलत गणवेशाकडे पाहून दिलेली होती, हे नाविक कोठडीच्या निवडीवरूनच दिसते. एखाद्या हमालाची शिक्षा त्याच दिवशी कोणत्या राज्यपालांनी थांबविली असती? सर्वोच्च न्यायालयाने ५ सप्टेंबर १९६० रोजी बहुमताने हेच ठरविले, की प्रकरण आपल्यापुढे असता राज्यपालांस अशी स्थगिती देता येत नाही. न्यायमूर्ती कपूर यांचे मत निराळे पडले. ते वाचण्यासारखे आहे, पटण्यासारखे नाही.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी अपील फेटाळले गेले आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींस माफी दिली. ती आम्हांस रुचत नाही, तरी कायद्याचे सर्व म्हणणे होऊन गेल्यावर ती आली, एवढे मान्य केले पाहिजे. राज्यघटनेच्या ७२ व्या कलमान्वये लष्करी न्यायालयाच्या शिक्षेसही राष्ट्रपती माफी देऊ शकतात. राज्यपालांस तो अधिकार नाही. मनमानी माफी न्यायालयास तपासता येते, हेही २००६ पासून स्पष्ट आहे. मग लष्करी मनुष्यास माफी देताना तिची कारणे लिहून प्रसिद्ध करावयास सरकारास अडचण कोणती, ते माफीचे कैवारी आम्हांस सांगतील काय?