उशीर कुणाचा, राग कुणावर?

आधी एक हिशेब मांडू. निन्टेंडोचा ‘मदर’ हा गेम जपानमध्ये १९८९ मध्ये आला. शिगेसातो इतोई या जाहिरात-लेखकाने तो रचला होता. त्याचं इंग्रजी भाषांतर १९९० मध्ये पूर्णही झालं. संवाद लिहून झाले, गेममध्ये बसवून झाले, सगळं तयार. आणि अमेरिकेत तो अधिकृतपणे विकायला कधी आला? २०१५ मध्ये! भाषांतराला लागलेला वेळ आपण मोठ्या मनाने माफ करू. पण उरलेली पंचवीस वर्षं कशात गेली? कशातच नाही. तयार झालेला गेम बासनात गुंडाळून ठेवला होता, बस्स.

जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपल्या भाषेत जेआरपीजी, ज्यांच्या अंगात भिनलाय त्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. जपानमध्ये गेम येतो, तिथली पोरं तो खेळून संपवतात, शेवटी कोण मरतं ते तुमच्या मोबाइलवर येऊन धडकतं, आणि इंग्रजी आवृत्तीची तारीख मात्र ‘लवकरच’. ज्यांची सुरुवात ‘गेन्शिन इम्पॅक्ट’पासून झाली त्यांना हे खरं वाटणार नाही. तो चिनी गेम २०२० च्या सप्टेंबरमध्ये जगभर एकाच दिवशी आला होता. त्याआधीच्या पिढीने मात्र वर्षानुवर्षं वाट पाहिली आहे, आणि ‘अमेरिकेत कधी येणार’ या प्रश्नाशी पुण्या-नागपुरातल्या पोरांचाही संबंध होताच. कारण आपल्याला जपानी येत नाही. आपण खेळतो ती इंग्रजी आवृत्ती, आणि ती ठरते अमेरिका-युरोपच्या हिशेबाने. हा गेम मराठीत कधी येईल, असं तर आपण विचारतही नाही.

तर राग यावा, यात काही गैर नाही. गैर आहे तो सरसकट काढलेला राग. उशीर दोन प्रकारचा असतो. एक, काम चालू असल्यामुळे झालेला. दुसरा, कुणी निर्णयच न घेतल्यामुळे झालेला. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि आपण दोन्हींवर एकच शिवी हासडतो. ती बहुतेक वेळा बसते भाषांतरकाराला, म्हणजे या सगळ्या साखळीत ज्याच्या हातात सगळ्यात कमी आहे त्याला.

काम म्हणजे किती काम, ते बघा. जेआरपीजी हा मारामारीइतकाच वाचण्याचा खेळ आहे. साठ-सत्तर तास चालणारी गोष्ट, गावागावातली माणसं, आणि गोष्ट पुढे सरकली की त्यातला प्रत्येक जण काहीतरी नवं बोलतो. त्यात जपानीत ‘मी’ म्हणायला अनेक शब्द. ‘वाताशी’ म्हणणारा सभ्यपणे बोलतोय, ‘बोकु’ म्हणणारा मुलगा जरा मवाळ, ‘ओरे’ म्हणणारा छाती काढून चालणारा. इंग्रजीत तिघांसाठी ‘आय’. आता बोला! ही अडचण खरं तर इंग्रजांपेक्षा आपल्याला पटकन कळेल. एखादं पात्र आजवर ‘अहो’ म्हणत होतं आणि एका प्रसंगानंतर एकदम ‘अरे’वर आलं, तर मराठी वाचकाला त्या एका शब्दात सगळं समजतं. इंग्रजी भाषांतरकाराला तेच सांगायला आख्खं वाक्य नव्याने घडवावं लागतं. नुसतं एक वाक्य घडवून भागत नाही. पहिल्या तासात पात्राचा जो सूर लावला तो साठाव्या तासातही टिकवावा लागतो. मग ते सगळं चौकटीत बसवायचं, आवाज रेकॉर्ड करायचे, आणि पुन्हा सगळा गेम खेळून चुका शोधायच्या.

हे घाईत उरकलं की काय होतं, याचीही उदाहरणं आहेत. ‘फायनल फँटसी ६’ इंग्रजीत आणणाऱ्या टेड वूल्सी यांच्या हातात जेमतेम ३० दिवस होते, आणि कार्ट्रिजमध्ये जागा इतकी कमी की कितीतरी मजकूर कापावा लागला. तरी त्यांनी त्यातून जे काढलं त्याचं आजही कौतुक होतं. (त्या गेमची गंमत वेगळीच. मधले भाग अमेरिकेत आलेच नव्हते म्हणून १९९४ मध्ये तिथे तो ‘फायनल फँटसी ३’ या नावाने विकला गेला. तीनाचा आकडा आणि गेम सहावा!) १९९७ चा ‘फायनल फँटसी ७’ तर जगभर गाजला, पण त्याच्या इंग्रजीत एकवचन-अनेकवचनाची अशी गफलत आहे की लोक अजून हसतात. एरिथ या नायिकेचं नावही तेव्हा ‘एरिस’ असं छापून मोकळे झाले होते.

हा जुना काळ झाला म्हणाल, तर २०१७ चं घ्या. ‘ईस ८’ हा फाल्कॉम कंपनीचा सुंदर गेम इंग्रजीत आला आणि पहिल्याच आठवड्यात फॅन्सनी डोक्याला हात लावला. गेममधल्या एका प्राचीन, गूढ दरीचं नाव चक्क ‘बिग होल’ ठेवलं होतं. म्हणजे मोठं भोक! वाक्यं लाकडासारखी, पात्रांचे सूर हरवलेले. तक्रारी इतक्या झाल्या की प्रकाशक ‘एनआयएस अमेरिका’च्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली आणि भाषांतर पुन्हा करून घेतलं. ते २०१८ मध्ये गेम विकत घेतलेल्यांना फुकट मिळालं. ‘आम्हाला लवकर नकोय, आम्हाला नीट हवंय’ हे फॅन्सनी ठणकावून सांगितलं, तेव्हा कंपनीला ऐकावं लागलं. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. कारण वाट बघणारा माणूस नुसता उतावीळ असतो, हा समज त्याने खोटा ठरवला.

आता दुसरा प्रकार. इथे मात्र राग पुरेपूर रास्त आहे.

‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ जपानमध्ये जून २०१० मध्ये वी कन्सोलवर आला. युरोपात तो ऑगस्ट २०११ मध्ये आला, इंग्रजीत, ब्रिटिश कलाकारांच्या आवाजासकट. म्हणजे भाषांतर झालेलं, आवाज दिलेले, डबे छापलेले. आणि अमेरिकेत? निन्टेंडोच्या तिथल्या शाखेने सांगितलं, सध्या विचार नाही. वी कन्सोलला प्रदेशाचं कुलूप असल्यामुळे लंडनहून मागवलेली डिस्क न्यूयॉर्कच्या यंत्रात चालेना. तीच भाषा, तेच यंत्र, तीच कंपनी, मधे फक्त एक निर्णय अडलेला. असा गेम विकला जाणार नाही ही भीती, दुसरं काय!

यावर फॅन्सनी जे केलं ते शिकण्यासारखं आहे. जून २०११ मध्ये ‘ऑपरेशन रेनफॉल’ नावाची मोहीम उभी राहिली. त्यांनी तीन गेम निवडले: झेनोब्लेड, ‘द लास्ट स्टोरी’ आणि ‘पँडोराज टॉवर’. कंपनीला पत्रं धाडली, आणि मुख्य म्हणजे पैशाची भाषा बोलली. ॲमेझॉनवर झेनोब्लेडची जुन्या नावाने एक नोंद पडून होती. तिच्यावर एवढ्या प्री-ऑर्डर टाकल्या की जाहीरच न झालेला गेम व्हिडीओ गेमच्या विक्री यादीत पहिल्या नंबरवर जाऊन बसला. डिसेंबरमध्ये कंपनीने निर्णय बदलला आणि एप्रिल २०१२ मध्ये झेनोब्लेड अमेरिकेत आला. उरलेले दोनही एक्ससीड या छोट्या प्रकाशकाने २०१२ आणि २०१३ मध्ये आणले. मोहिमेमुळेच हे झालं की नाही, यावर वाद घालता येईल. पण ‘याला गिऱ्हाईक नाही’ ही सबब त्यानंतर कुणाला देता येईना. पुढे ‘झेनोब्लेड ३’ जुलै २०२२ मध्ये जगभर एकाच दिवशी आला.

या दोन प्रकारांच्या मधोमध अडकलेली मालिकाही आहे, ‘ट्रेल्स’. तिचा पहिला भाग ‘ट्रेल्स इन द स्काय’ जपानमध्ये २००४ चा, इंग्रजीत २०११ चा. दुसरा भाग जपानमध्ये २००६ चा, इंग्रजीत २०१५ चा. पहिला भाग जिथे संपतो तिथे कुणालाही ताटकळत ठेवणं हा छळ आहे, ज्यांनी खेळलाय ते मान डोलवतील. पण इथे आळस नव्हता. छोटी प्रकाशक कंपनी, मूठभर माणसं आणि अंगावर येणारा मजकुराचा डोंगर. पुढे मात्र व्यवहाराने घोळ केला. ‘झिरो’ आणि ‘अझ्युर’ हे २०१० आणि २०११ चे मधले भाग सोडून त्यानंतरची गोष्ट सांगणारे नवे भाग इंग्रजीत आधी आले. खेळणाऱ्याची अवस्था अशी, की लग्नाला तर आलोय, पंगतही बसलीय, पण नवरा-नवरी कोण तेच माहीत नाही.

ते मधले भाग शेवटी आले कसे? ‘जिओफ्रंट’ नावाच्या फॅन्सच्या गटाने दोन्ही गेमचं भाषांतर स्वतःच केलं. २०२० मध्ये एक, २०२१ मध्ये दुसरं. ते इतकं चांगलं होतं की एनआयएस अमेरिकेने अधिकृत आवृत्तीसाठी त्याचाच आधार घेतला, आणि २०२२-२३ मध्ये दोन्ही गेम दुकानात आले.

फॅन्सच्या भाषांतराची ही परंपरा जुनी. ‘फायनल फँटसी ५’ जपानमध्ये १९९२ ला आला, अधिकृत इंग्रजीत १९९९ ला. त्याआधीच हौशी मंडळींनी त्याचं इंग्रजी करून टाकलं होतं. ‘सेइकेन देन्सेत्सु ३’ तर १९९५ चा, अधिकृत इंग्रजी २०१९ मध्ये. तोपर्यंत दोन दशकं लोक फॅन्सचं भाषांतरच खेळत होते. वरातीमागून घोडं, तेही चोवीस वर्षांनी.

आता तुम्ही विचाराल, हे कायद्यात बसतं का? सहसा नाही. कंपनीने बंद करा म्हटलं तर बंद करावं लागतं. पण ज्या कंपनीला गेम विकायचाच नाही, तिने ‘आमची विक्री बुडते’ म्हणू नये, असं माझं मत आहे. याची दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. अधिकृत आवृत्ती आली की फुकटची फाइल बाजूला ठेवून पैसे मोजायचे. सेल लागेपर्यंत थांबा, मित्रांत मिळून घ्या, पण घ्या. ऑपरेशन रेनफॉलचं वजन घोषणांमुळे नव्हतं, प्री-ऑर्डरमुळे होतं. आपल्याकडे रुपयातली किंमत, दुकानात न मिळणारे कन्सोल, हे अडथळे खरे आहेत. पण कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येणारं ‘आम्ही खरे फॅन’ हे वाक्य आणि हार्डडिस्कवरच्या चाळीस गेमांपैकी एकाचीही पावती नसणं, हे दोन्ही एकत्र शोभत नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र पुष्कळ पालटलंय. ‘पर्सोना ५’ला जपानहून बाहेर यायला सात महिने लागले होते. त्याच मंडळींचा ‘मेटाफर: रीफँटाझिओ’ ऑक्टोबर २०२४ मध्ये सगळीकडे एकदम आला. ज्या ‘ट्रेल्स इन द स्काय’ने इंग्रजी वाचकाला सात वर्षं थांबवलं, त्याची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये जपान आणि बाकी जगात एकाच दिवशी उतरली. यासाठी भाषांतरकाराला गेम पूर्ण व्हायच्या आत, गोष्ट अजून बदलत असताना काम सुरू करावं लागतं. त्याच्या पोटात किती गोळा येत असेल, कल्पना करा.

आणि इथेच आता एक नवा आवाज ऐकू येतो: एवढा वेळ आणि पैसा कशाला, मशीनला द्या, रातोरात होईल. हे बोलणारे फक्त कंपनीवाले नाहीत, वाट बघून कंटाळलेले फॅनही आहेत. त्यांना ‘ईस ८’ आठवून द्यावासा वाटतो. तिथे तर माणसंच होती, तरी दरीचं भोक झालं. निर्णय अडवून ठेवल्यामुळे झालेल्या उशिराचा वचपा आपण काम करणाऱ्यावर काढायला लागलो, तर कंपन्यांना ते हवंच आहे. त्यांचा खर्च वाचेल आणि वर ‘तुम्हीच मागितलंत’ असं म्हणायला त्या मोकळ्या.

राग काढायचाच तर त्याला साजेशी जागा अजून शिल्लक आहे. ‘मदर ३’ जपानमध्ये एप्रिल २००६ मध्ये आला. क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकाराच्या पुढाकाराने फॅन्सनी त्याचं इंग्रजी २००८ मध्ये पूर्ण केलं. पुढे त्यांनी ते निन्टेंडोला फुकट वापरायलाही देऊ केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने हा गेम स्विचवर आणला, पण फक्त जपानच्या ग्राहकांसाठी, फक्त जपानीत. पत्र लिहायचं असेल तर मुख्य कार्यालय क्योटोला आहे.